शाल-श्रीफळाचं तबक

आमच्या संस्थेत सत्कार असला की तबक घेऊन मंचावर जाणारा शिपाई ठरलेला होता. उंच, सडपातळ, पांढऱ्या शर्टाला कडक इस्त्री. शाल, श्रीफळ, गुच्छ, स्मृतिचिन्ह एवढं सगळं घेऊन तो असा चालायचा की नारळ जागचा हलत नसे. मी त्याच संस्थेत हिशेब विभागात होतो. नागपुरातली शिक्षणसंस्था. नाव सांगत नाही, सांगून फरकही पडत नाही. अशा संस्था शहरात पुष्कळ आहेत.

एका जानेवारीत मुलींच्या वसतिगृहासाठी मोठी देणगी आली. देणारे गृहस्थ शहराच्या दक्षिणेला ले-आऊट पाडून प्लॉट विकायचे. एकच प्लॉट दोघातिघांना विकल्याच्या तक्रारी त्यांच्यावर होत्या, पेपरातही नाव येऊन गेलं होतं. आमचा शिपाई तक्रार करणाऱ्यांत नव्हता, कारण तक्रारीला वकील लागतो आणि वकिलाला पैसे. पण तो बुडालेल्यांत होता. बयाणा दिला, हप्ते भरले आणि विक्रीपत्राची वेळ आली तेव्हा तोच प्लॉट भलत्याच्या नावावर निघाला. हप्ते भरायला त्याने कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेचं कर्ज काढलं होतं. त्याची कपात दर महिन्याच्या पगारपत्रकात मीच लावायचो. देणगीची ८०-जी ची, म्हणजे आयकरात सूट मिळवून देणारी, पावतीही त्याच आठवड्यात मीच फाडली. दोन्ही नोंदी एकाच अक्षरात, एकाच निळ्या पेनाने.

हेडक्लार्कना विचारलं, "साहेब, हा तोच ना?"

ते चष्म्यावरून पाहत म्हणाले, "तोच आहे ना राजेहो. मग? आपल्याले पावती फाडाचं काम. पैसा कोनाचा, कुठून आला, हे पाहाले ट्रस्टी बसले आहेत."

सत्काराच्या दिवशी तबक त्यानेच नेलं. नारळ हलला नाही.

हेडक्लार्कचं ते म्हणणं पुढे मला वेगवेगळ्या तोंडांनी ऐकू आलं. माझा भाचा मिहानमधल्या एका आयटी कंपनीत आहे. त्याला विचारलं, तुमचा क्लायंट काय धंदा करतो रे? तो म्हणाला, "मामा, आम्ही तिकीट, म्हणजे आलेली तक्रार, क्लोज करतो. क्लायंट काय करतो ते विचारायची पद्धत नाही." त्याच्या बोलण्यात गुर्मी नव्हती, लपवाछपवीही नव्हती. खरोखरच त्याला तो प्रश्न पडला नव्हता. आपण ज्या संस्थेत राबतो तिचे लागेबांधे कुणाशी आहेत, पैसा कुणाकडून येतो, माल कुणाकडे जातो, याची फिकीर नोकरदाराने करावी की करू नये? बहुतेकांचं उत्तर आहे, करू नये. माझं उत्तर आहे, करावी. पण सगळ्याची नाही आणि सगळ्यांनी सारखी नाही. हे जरा सविस्तर सांगायला हवं.

पहिलं उत्तर येतं मिठाचं. खाल्ल्या मिठाला जागावं. हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहज वापरलं जातं की मीठ कुणाचं, हे कुणी विचारत नाही. आमच्या संस्थेत ते विद्यार्थ्यांच्या फीचं होतं, सरकारी अनुदानाचं होतं. ट्रस्टींनी घरून आणून ते आमच्या ताटात वाढलेलं नव्हतं. आणि पगार हा कामाचा मोबदला आहे, मेहेरबानी नाही. महिन्याच्या एक तारखेला दोन्ही बाजूंचा हिशेब चुकता होतो. त्यात डोळे मिटून घेण्याचे वेगळे पैसे कुणी धरलेले नसतात. निदान मी तयार केलेल्या एकाही पगारपत्रकात तसा रकाना नव्हता.

माझा मुख्य मुद्दा मात्र अब्रूचा आहे. त्या गृहस्थांनी आम्हाला पैसे का दिले? मुलींच्या शिक्षणाची कळकळ असेलही, नाही म्हणत नाही. पण तेवढेच पैसे त्यांनी फसलेल्या पाच-दहा कुटुंबांना परत केले असते तर त्यांचा फोटो पेपरात कुणी छापला नसता. आमच्या मंचावर त्यांना जे मिळालं ते बाजारात विकत मिळत नाही. शहराने आमच्या संस्थेवर ठेवलेला विश्वास त्या एका शालीबरोबर त्यांच्या खांद्यावर पडला. आता हा विश्वास कुणी कमावला होता? ट्रस्टी दर पाच वर्षांनी बदलायचे. तो कमावला होता तीस-तीस वर्षं गणित शिकवणाऱ्या बाईंनी, रात्री दहाला वसतिगृहाचं फाटक स्वतः तपासणाऱ्या रेक्टरांनी, परीक्षेच्या काळात प्रश्नपत्रिकांच्या कपाटापाशी झोपणाऱ्या त्याच शिपायाने. देणगीदाराला हवी असते ती अब्रू, आणि ती कर्मचाऱ्यांची असते. व्यवहार ट्रस्टी करतात, पण माल आमचा असतो. मग आपलाच माल कुणाला आणि कशासाठी विकला जातोय हे विचारण्याला लोक 'भलत्या चौकशा' कसं म्हणतात, ते मला समजलेलं नाही.

अमेरिकेतल्या एमआयटीचं प्रकरण याच जातीचं, फक्त उलटं. जेफ्री एपस्टीन या धनाढ्याला २००८ मध्ये फ्लोरिडात लैंगिक गुन्ह्यासाठी शिक्षा झालेली होती. तरीही २००२ ते २०१७ या काळात त्याच्याकडून दहा वेळा मिळून साडेआठ लाख डॉलर त्या विद्यापीठाने घेतले, त्यातले बरेचसे शिक्षेनंतरचे. आमच्याकडे नाव संगमरवरावर कोरलं, तिथे मीडिया लॅबमध्ये ते झाकलं. देणगी निनावी दाखवायची. हे २०१९ मध्ये जाहीरपणे सांगितलं ते देणग्यांच्या विभागात काम केलेल्या एका माजी कर्मचारी बाईने. म्हणजे पुन्हा पावती फाडणारीच. लॅबचे संचालक जोई इटो यांनी त्या सप्टेंबरात राजीनामा दिला. पावत्यांच्या टेबलावरून संस्थेचं जे रूप दिसतं ते विश्वस्तांच्या बैठकीतून दिसत नाही, हे मी अनुभवाने सांगू शकतो.

पण मला जास्त जवळची वाटते ती पोलरॉइडची गोष्ट. १९७० साल. केंब्रिज, मॅसॅच्युसेट्समधल्या, झटपट फोटोचे कॅमेरे बनवणाऱ्या पोलरॉइड कंपनीत कॅरोलिन हंटर ही तरुण रसायनतज्ज्ञ आणि केन विल्यम्स हा छायाचित्रकार, दोघंही कृष्णवर्णीय, एका नोटीस बोर्डासमोर थांबली. तिथे दक्षिण आफ्रिकेच्या खाण खात्याच्या ओळखपत्राचा नमुना लावलेला होता. त्या देशात काळ्या माणसाला पासबुक, म्हणजे ओळखपत्राची वही, जवळ बाळगल्याशिवाय हिंडता येत नसे आणि त्या पासबुकातले फोटो झटपट निघत ते यांच्याच कंपनीच्या यंत्रावर. दोघांनी पत्रकं काढली: पोलरॉइड काळ्या माणसांना ६० सेकंदांत कैद करतं. साठ सेकंद हा कंपनीच्या जाहिरातीतला अभिमानाचा आकडा होता, तोच त्यांनी उलटा फिरवला. कंपनी आधी म्हणाली असं काही नाहीच, मग म्हणाली थोडंसं आहे, मग चौघांचं पथक दक्षिण आफ्रिकेला पाठवलं, तिथल्या कामगारांचे पगार सुधारू म्हणाली. विल्यम्सने कंपनी सोडली. हंटरला १९७१ मध्ये कामावरून काढलं. आणि १९७७ मध्ये उघड झालं की तिथला वितरक कंपनीचा माल गुपचूप सरकारलाच विकत होता. तेव्हा पोलरॉइडने तो देश सोडला. सात वर्षं लागली.

या गोष्टीत मला धैर्याइतकंच नोटीस बोर्डचं महत्त्व वाटतं. तो कागद काही तिजोरीत नव्हता. शेकडो लोक त्याच्यासमोरून चहाला गेले असतील. दोघं थांबली.

इथे शहाणी माणसं विचारतात, असं खणत बसलं तर कुठवर खणायचं? प्रश्न रास्त आहे आणि नागपूरकराने तर तो टाळूच नये. आपली एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं त्याच दिवशी, नाव त्यावरूनच. ती काढणाऱ्या टाटा घराण्याची कापसाच्या मंदीत विस्कटलेली घडी सावरली ती १८६८ च्या अॅबिसिनियाच्या (आजच्या इथिओपियाच्या) स्वारीत इंग्रजी फौजेला रसद पुरवण्याच्या कंत्राटातल्या हिश्श्याने. म्हणजे परक्या मुलखावरच्या परक्या स्वारीचा पैसा. त्याच मिलने कामगारांसाठी १८८६ मध्ये पेन्शन फंड सुरू केला आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई, देशात बाकीच्यांना सुचायच्या कितीतरी आधी. आमच्या आजोबांच्या पिढीतली निम्मी इमामवाडा-गणेशपेठ त्या भोंग्यावर उठायची. त्यांनी अॅबिसिनियाचा विचार करत साचा बंद ठेवायला हवा होता का? नाही. मला तरी तसं वाटत नाही.

मग माझ्या देणगीदारात आणि त्या कंत्राटात फरक काय? फरक एवढाच की ज्याचं नुकसान झालं तो माणूस अजून दारात उभा आहे का. आमच्याकडे तो नुसता दारात नव्हता, तबक घेऊन मंचावर होता. आज परत करता येण्यासारखं काही आहे, आज थांबवता येण्यासारखं काही चालू आहे, आणि तिकडे न पाहता आपण सत्कार करतोय, असं असेल तर ती फिकीर आपली. बाकी इतिहास, तो वाचावा, लपवू नये, पण त्याच्यावर राजीनामा देऊ नये.

दुसरी मर्यादाही सांगतो, कारण ती या शहरात सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. संघाची रेशीमबाग आणि बाबासाहेबांची दीक्षाभूमी यांच्यात स्कूटरने दहा-पंधरा मिनिटांचं अंतर. एकाच ऑफिसात एकाच डब्यातली भाजी खाणारे दोघं असतात, एक विजयादशमीला इकडे जातो, एक धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तिकडे. मालकाचा ओढा कुठल्या बाजूला आहे ते सगळ्यांना ठाऊक असतं. ते निम्म्यांना आवडत नाही. पण 'मला पटत नाही' आणि 'कुणावर अन्याय होतोय' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मालकाच्या विचारांवर खटके उडवत बसलो तर नागपुरात एकही दुकान उघडणार नाही. उद्या तोच विचार नोकरभरतीत दिसू लागला, बढतीत दिसू लागला, तर मात्र तो विचार राहिला नाही, मग विचारावं. अंबाझरीच्या आयुध निर्माणीत तोफगोळ्यांवर काम करणाऱ्या कामगारालाही कुणी उठून 'तुझा माल कुठे पडतो' म्हणून छळू नये. त्याच्या फाटकावर काय बनतं ते लिहिलेलंच आहे, त्याने ते पाहून आत पाऊल टाकलं. माझा राग झाकून ठेवलेल्या गोष्टींवर आहे.

झाकलेलं शेवटी खालच्याच माणसाच्या टेबलावर येऊन पडतं, हा तर आपल्या जिल्ह्याचा ताजा धडा. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचे दीडशे कोटींच्या आसपास रुपये २००१-०२ मध्ये दलाल कंपन्यांमार्फत सरकारी रोख्यांत गुंतवले गेले. रोखे आले नाहीत, पैसेही आले नाहीत. तत्कालीन अध्यक्षांसह काहींना नागपूरच्या न्यायालयाने शिक्षा सुनावली ती डिसेंबर २०२३ मध्ये, म्हणजे एकवीस वर्षांनी. त्यावर अपील झालं. पण शेतकरी खातेदार पैसे मागायला संचालकांच्या बंगल्यावर जात नाही. तो काउंटरवर येतो. काउंटरवर बसलेल्या कॅशियरला दलालांशी काही घेणंदेणं नव्हतं, आणि तरीही उत्तर त्यालाच द्यायचं होतं.

एवढं म्हटल्यावर लगेच कुणी कॅशियरला जाब विचारू नये. इथेच आपली नीती घसरते. उपदेश नेहमी खालच्या पायरीला होतो. ज्याला अकरा महिन्यांचा ऑर्डर मिळतो, जो एजन्सीमार्फत लागलाय, ज्याच्या पगारातून एजन्सी आपला वाटा आधी कापून घेते, त्याने तत्त्वासाठी उभं राहावं असं सांगायला आपल्याला लाज वाटायला हवी. आमच्या शिपायाला मी एकदा म्हटलं, तक्रार अर्ज तरी देऊन पाहा, मी लिहून देतो. तो म्हणाला, "जाऊ द्या काकाजी. प्लॉट गेला, आता नोकरीबी घालवू का?" याला उत्तर नाही. माझ्याकडे तेव्हा नव्हतं, आता पेन्शन घेतानाही नाही.

जबाबदारी पायरीप्रमाणे चढत जायला हवी. गोसीखुर्द धरणाचं उदाहरण घ्या. ३७२ कोटींचा अंदाज असलेला प्रकल्प १८ हजार कोटींच्या पुढे गेला. हे होत असताना विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाच्या नागपुरातल्या कार्यालयात किती फाइली किती टेबलांवरून गेल्या असतील? २०१२ मध्ये राज्यातल्या सिंचन कामांवर थेट राज्यपालांना आणि मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिणारे विजय पांढरे हे मुख्य अभियंता होते, कनिष्ठ अभियंता नव्हते. ते पत्र कनिष्ठाने लिहिलं असतं तर? राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातल्या सत्येंद्र दुबे या तरुण अभियंत्याने सुवर्ण चतुष्कोनाच्या कामाबद्दल पंतप्रधान कार्यालयाला लिहिलं होतं, नाव गुप्त ठेवा अशी विनंतीही केली होती. ती पाळली गेली नाही. नोव्हेंबर २००३ मध्ये गयेला त्यांचा खून झाला. तपासात तो लुटीतला खून ठरला, पण देशभरच्या अभियंत्यांनी त्यातून जो अर्थ घ्यायचा तो घेतला. जागल्यांच्या, म्हणजे आतला गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा संसदेने मंजूर केला २०१४ मध्ये, आणि त्यानंतर वर्षानुवर्षं तो लागूच केला नाही. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांनी तक्रारीची यंत्रणा ठेवावी असं कंपनी कायद्याचं कलम १७७ सांगतं. माझ्या भाच्याच्या कंपनीत त्याचा एक ई-मेल पत्ता आहे, तो लिफ्टशेजारी चिकटवलाय.

शिवाय सदसद्विवेकबुद्धीलासुद्धा बाजारभाव असतो, हे कबूल केलेलं बरं. गूगलमधल्या तीन हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांनी २०१८ मध्ये सही केली, की अमेरिकी लष्कराच्या ड्रोन चित्रणाच्या कामात कंपनीने पडू नये. कंपनीने जूनमध्ये तो करार पुढे वाढवणार नाही असं जाहीर केलं. तीच कंपनी, सहा वर्षांनंतर: इस्रायल सरकारशी झालेल्या करारावरून एप्रिल २०२४ मध्ये कर्मचारी ऑफिसात ठिय्या देऊन बसले, तर पन्नासच्या आसपास लोकांना काढून टाकलं. मधल्या काळात काय बदललं? जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने १२ हजार माणसं कमी केली होती. २०१८ चा इंजिनिअर सोडून जाईल याची कंपनीला भीती होती. २०२४ ला त्याच्याच खुर्चीखालची जमीन सरकलेली होती. म्हणून मला वाटतं, ज्याच्या खुर्चीखालची जमीन आज घट्ट आहे त्याने आज विचारावं. कायम असलेल्या प्राध्यापकाने, सेवाज्येष्ठ डॉक्टरने, निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या अधीक्षकाने. यांची नोकरी एका प्रश्नाने जात नाही. आणि नेमके हेच लोक सगळ्यात गप्प असतात, कारण यांना सत्काराच्या दुसऱ्या रांगेत खुर्ची मिळते.

विचारायचं म्हणजे झेंडा घेऊन फाटकावर बसायचं असं नाही. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त संस्थेला आपले तपासलेले हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे सादर करावे लागतात. ते कागद पाहता येतात. वर्षाच्या स्टाफ मीटिंगमध्ये चहाचा कप खाली ठेवून विचारता येतं, की साहेब, यंदाच्या मोठ्या देणग्या कुणाच्या? पन्नास जणांच्या खोलीत हा प्रश्न एकाने विचारला तर तो आगाऊ ठरतो, सहा जणांनी विचारला तर त्याचं इतिवृत्त लिहावं लागतं. मी एकटाही विचारला नाही. हे लिहिण्याचा अधिकार मला कितपत आहे, ते वाचणाऱ्याने ठरवावं.

वसतिगृहाचा दुसरा मजला झाला तेव्हा पुन्हा सत्कार ठरला, पुन्हा तेच गृहस्थ. माझ्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. आदल्या दिवशी मी हेडक्लार्कना म्हणालो, "उद्या त्याला चलान घेऊन बँकेत पाठवा. तबक मी नेतो."

"तुम्ही काहून?"

"असंच."

त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि काही बोलले नाहीत. चलान त्यांनी स्वतःच भरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी तबक घेऊन मंचाच्या तीन पायऱ्या चढलो. नारळ पूर्ण वाटभर डुगडुगत होता.